युरियाची गोणी मोजतो, सिगारेट नाही

कवठे येमाईत सकाळी दूध घालून घरी परतणाऱ्या माणसाच्या हातात एक चिठ्ठी असते. लिटर किती, फॅट किती, एसएनएफ किती, दर काय. फॅटचा आकडा दशांश चिन्हासकट. तोच माणूस दुपारी कृषी सेवा केंद्रात युरियाची गोणी घ्यायला गेला, तर आधार क्रमांक सांगून यंत्रावर अंगठा टेकवावा लागतो आणि ती एक गोणी थेट केंद्र सरकारच्या संगणकात उमटते. २०१८ पासून देशभर ही पद्धत आहे. रेशनच्या गव्हाचेही तेच. मेडिकल दुकानातून क्षयरोगाच्या गोळ्या घेतल्या, तर दुकानदाराला ‘एच-१’ नावाच्या वेगळ्या वहीत डॉक्टरचे नाव, रुग्णाचे नाव, औषध आणि गोळ्यांची संख्या लिहावी लागते आणि ती वही तीन वर्षे जपावी लागते. रात्री बिबट्याने शेळी नेली, तर सकाळी वनखात्याचा पंचनामा होतो.

संध्याकाळी हाच माणूस फाट्यावरच्या टपरीवर एक सुटी सिगारेट घेतो. टपरीला टांगलेल्या लायटरवर ती पेटवतो आणि निघून जातो. याची नोंद कुठेच होत नाही.

गाव मुद्दाम शिरूर तालुक्यातले घेतले आहे. याच तालुक्यात, रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत, आयटीसी कंपनीचा सिगारेटचा कारखाना आहे. देशभरात या कंपनीचे सिगारेटचे मोजकेच कारखाने आहेत, त्यांपैकी हा एक. महागणपतीच्या दर्शनाला जाणाऱ्या अनेकांना हे ठाऊकही नसते. कारखान्यात सिगारेटचा प्रत्येक नग मोजला जातो. मोजावाच लागतो, कारण आपल्याकडे सिगारेटवरचा कर वर्षानुवर्षे हजार नगांमागे आणि सिगारेटच्या लांबीनुसार लावला जात आला आहे. ६५ मिलिमीटरपर्यंतची वेगळी, त्यापुढची वेगळी. म्हणजे तालुक्याच्या एका टोकाला मिलिमीटरचा हिशेब, आणि दुसऱ्या टोकाला महिन्यात किती सिगारेटी ओढल्या गेल्या हे तिथल्या वैद्यकीय अधिकाऱ्याला विचारले, तर ते सांगूच शकणार नाहीत. दोष त्यांचा नाही. ही माहिती आरोग्य खात्याला द्यावी असे कोणावर बंधनच नाही.

तंबाखूविरोधी कायदा म्हणजे २००३ चा ‘कोटपा’. त्यात जाहिरातीवर बंदी आहे, पाकिटावरचा इशारा आहे, सार्वजनिक ठिकाणी ओढायला मनाई आहे, शाळेपासून शंभर यार्डांच्या आत विक्रीला मनाई आहे, अठरा वर्षांखालच्या मुलाला विकायला मनाई आहे. विक्रीचा आकडा कळवण्याचे कलम मात्र नाही. बंधनच नसल्याने ते मोडल्याचा दंडही नाही.

जे दंड आहेत त्यांचे गणित एकदा नीट पाहण्यासारखे आहे. अठरा वर्षांखालच्या मुलाला सिगारेट विकली, तर कोटपाखाली दंड जास्तीत जास्त २०० रुपये. आता याच्या शेजारी दुसरा एक आकडा ठेवू. एखाद्या नोंदणीकृत व्यापाऱ्याने जीएसटीचे मासिक विवरणपत्र भरायला उशीर केला, तर केंद्राचे २५ आणि राज्याचे २५ असे रोज ५० रुपये विलंब शुल्क लागते. चार दिवस उशीर झाला की २०० रुपये. चौदा वर्षांच्या मुलाच्या हातात सिगारेट देणे आणि विवरणपत्र चार दिवस उशिरा भरणे, आपल्या दरपत्रकात दोन्हींची किंमत सारखी आहे.

कुणी म्हणेल, बाल न्याय कायदा आहे ना! आहे. २०१५ च्या त्या कायद्याच्या कलम ७७ नुसार मुलाला तंबाखूजन्य पदार्थ देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. एकाच कृत्याला एका कायद्यात २०० रुपये आणि दुसऱ्यात सात वर्षे. पहिली शिक्षा इतकी हलकी की तिची कोणी भीती बाळगत नाही. दुसरी इतकी जड की एका सिगारेटपायी ती लावायला पोलिसाचाही हात सहसा धजत नाही. या दोहोंच्या मध्ये जे असायला हवे, म्हणजे रोजच्या व्यवहारात न चुकता लागू होणारे साधे, कंटाळवाणे, कागदी उत्तरदायित्व, तेच आपल्याकडे नाही.

नोंद कशाला हवी, हा प्रश्न रास्त आहे. डेंग्यूचे उदाहरण घ्या. गावात रुग्ण सापडला की त्या आठवड्यात कळते, म्हणून त्या आठवड्यात फवारणी होते, पाण्याची भांडी उपडी केली जातात. तंबाखूच्या बाबतीत आपण काय करतो? राष्ट्रीय पातळीवर प्रौढांचे मोठे सर्वेक्षण २००९-१० मध्ये झाले, त्यानंतर २०१६-१७ मध्ये. मध्ये सात वर्षे. त्या दोन सर्वेक्षणांत महाराष्ट्रातील तंबाखू वापरणाऱ्या प्रौढांचे प्रमाण ३१.४ टक्क्यांवरून २६.६ टक्क्यांवर आले. चांगली गोष्ट आहे. पण ते कशामुळे घटले? करवाढीमुळे, पाकिटावरच्या चित्रांमुळे, २०१२ च्या गुटखाबंदीमुळे, की शाळांमधल्या मोहिमांमुळे? आणि कोणत्या तालुक्यात घटले, कोणत्या तालुक्यात वाढले? सात वर्षांनी एकदा काढलेल्या राज्यभराच्या सरासरीतून याचे उत्तर मिळत नाही. शिवाय सर्वेक्षणात माणूस जे सांगतो तेच लिहिले जाते, आणि सासऱ्यासमोर बसलेला जावई ‘मी ओढत नाही’ असेच सांगणार.

विक्रीचा आकडा लाजत नाही. तो दर महिन्याला मिळू शकतो. शाळा सुरू झाल्यावर एखाद्या भागात विक्री अचानक चढली, तर तिथे चौकशी करता येते. कर वाढल्यावर अधिकृत विक्री घटली, पण खोकल्याचे आणि दम्याचे रुग्ण तेवढेच राहिले, तर चोरटा माल आला असावा असा संशय घेता येतो. डॉक्टरने क्षयरुग्णाची माहिती सरकारला कळवली नाही, तर २०१८ च्या अधिसूचनेनुसार त्याच्यावर फौजदारी कारवाई होऊ शकते. रोगाची नोंद न करणे गुन्हा मानला जातो. तंबाखूने क्षयाचा धोका वाढतो हे वैद्यकशास्त्राला पक्के ठाऊक आहे, पण त्या कारणाची नोंद करायला कोणी बांधील नाही.

सुट्या सिगारेटचा मुद्दा याच्याशी घट्ट जोडलेला आहे. सप्टेंबर २०२० मध्ये महाराष्ट्राने सुटी सिगारेट आणि सुटी बिडी विकायला बंदी घातली. कारण साधे होते. एप्रिल २०१६ पासून पाकिटाच्या ८५ टक्के भागावर धोक्याचा इशारा असतो, पुढे त्यावर व्यसन सोडण्यासाठीचा १८००-११-२३५६ हा मोफत क्रमांकही आला. सुटी सिगारेट घेणाऱ्याला यातले काहीच दिसत नाही. आणि पाकीट परवडत नसलेला शाळकरी मुलगा सुटीच घेतो. हा आदेश किती पाळला जातो हे आपापल्या गावच्या टपरीवर उभे राहून पाहावे. ओढणाऱ्याला दोष देण्यासाठी मी हे म्हणत नाही. आदेश पाळला जातो की नाही हे मोजण्याचे साधनच सरकारकडे नसेल, तर आदेश काढून काय साधते, एवढाच प्रश्न आहे.

अमेरिकेत ही नोंद कशी होते? तिथला मूळ कायदा १९४९ चा, ‘जेन्किन्स कायदा’ म्हणून ओळखला जाणारा. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात सिगारेट विकणाऱ्याने दर महिन्याच्या दहा तारखेपर्यंत मागच्या महिन्याची यादी त्या राज्याच्या कर अधिकाऱ्याला द्यायची: कोणाला पाठवली, पत्ता काय, कोणता ब्रँड, किती माल. उद्देश आरोग्याचा नव्हता, कर बुडू नये हा होता. शिक्षा मामुली होती, त्यामुळे कायदा कित्येक दशके धूळ खात पडला. मग इंटरनेटवरून स्वस्त सिगारेट घरपोच मिळू लागली आणि २०१० मध्ये ‘पॅक्ट’ कायदा करून शिक्षा वाढवावी लागली. तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास. त्याशिवाय घरपोच विकणाऱ्याला पहिल्या वेळी ५,००० डॉलर, पुढच्या वेळी १०,००० डॉलर किंवा वर्षभराच्या सिगारेट विक्रीच्या दोन टक्के, यांपैकी जे जास्त असेल तो दंड. ‘जे जास्त असेल ते’ हे चार शब्द महत्त्वाचे आहेत. ठरावीक रकमेचा दंड मोठी कंपनी धंद्याचा खर्च म्हणून हिशेबात धरते. उलाढालीची टक्केवारी लावली की तसे करता येत नाही. कर न भरलेल्या सिगारेटी पोहोचवल्याबद्दल न्यूयॉर्क शहराने युपीएस या माल वाहतूक कंपनीला कोर्टात खेचले, तेव्हा २०१७ मध्ये रक्कम सुमारे २४ कोटी ७० लाख डॉलरवर गेली. पुढे अपिलात ती बरीच कमी झाली, तरी दहा कोटींच्या घरात राहिली.

आपल्याकडे हे जमणार नाही, असे म्हणण्याची सोय नाही. कारण आपण ते केलेले आहे. २०२४ च्या सुरुवातीला केंद्राने पानमसाला, चघळण्याची तंबाखू, जर्दा आणि तत्सम माल बनवणाऱ्यांसाठी जीएसटीखाली खास पद्धत लागू केली. कारखान्यातल्या प्रत्येक पाकीटबंद यंत्राची नोंद करायची, ते मिनिटाला किती पुड्या भरते हे अभियंत्याच्या दाखल्यासह कळवायचे, आणि दर महिन्याच्या दहा तारखेपर्यंत विवरण द्यायचे. इथेही दहा तारीखच. यंत्राची नोंद केली नाही, तर त्याच वर्षी कायद्यात आलेल्या कलम १२२अ नुसार यंत्रामागे एक लाख रुपये दंड, आणि यंत्र जप्त होण्याची शक्यता. २०२५ च्या वित्त कायद्याने आणखी एक पाऊल पुढे टाकले. सरकार ठरवेल त्या मालाच्या पाकिटावर ओळखखूण लावून त्याचा माग ठेवण्याची तरतूद आली आणि ती मोडणाऱ्याला एक लाख रुपये किंवा देय कराच्या दहा टक्के, यांपैकी जे जास्त असेल तो दंड. म्हणजे ‘जे जास्त असेल ते’ हे शब्द आता आपल्या कायद्यातही आहेत.

(या यादीत गुटख्याचाही समावेश आहे. जो गुटखा महाराष्ट्रात अन्नसुरक्षा कायद्याने २०१२ पासून विकता येत नाही, त्याच्या यंत्रांची नोंद केंद्र सरकार करापोटी ठेवते. सरकारच्या दोन हातांनी एकमेकांशी बोलायला हवे, हे सांगायला याहून बोलके उदाहरण सापडणार नाही.)

अडचण अशी की ही सगळी माहिती करखात्यासाठी आहे. जीएसटी कायद्याच्या कलम १५८ नुसार ती गोपनीय असते. तिजोरीला तिचा उपयोग होतो, दवाखान्याला नाही.

यापूर्वीही आपण तंबाखू मोजत होतो, आणि तेव्हा ती मोजणी भलत्याच माणसाच्या मानेवर होती. १९४४ च्या उत्पादन शुल्क कायद्याखाली कच्च्या तंबाखूवर कर होता आणि तंबाखू लावणाऱ्या शेतकऱ्यालाही आपण ती किती क्षेत्रात लावली हे जाहीर करावे लागे. निपाणी भागातल्या जुन्या माणसांना वखारींवरचे ते नोंदवह्यांचे, परवान्यांचे आणि तपासणीचे दिवस आठवत असतील. १९७९ च्या अर्थसंकल्पात कच्च्या तंबाखूवरचे शुल्क गेले आणि भार पक्क्या मालावर आला. शेतकरी सुटला ते बरेच झाले. दोनच वर्षांनी त्याच निपाणीत भावासाठी आंदोलन करणाऱ्या शेतकऱ्यांवर गोळीबार झाला, माणसे मेली. तंबाखूच्या साखळीत सगळ्यांत कमी कमावणाऱ्यालाच आधी पकडायचे, ही आपली जुनी खोड आहे. म्हणून नोंद कोणी करायची हे ठरवताना मला निपाणी आठवते.

टपरीवाल्याने वही ठेवावी, असे मी म्हणणार नाही. टपरी चालवणारा बहुतेक वेळा दुसरे काही जमले नाही म्हणून तिथे बसलेला असतो. वार्षिक २० लाखांच्या आतल्या उलाढालीमुळे तो जीएसटीच्या कक्षेतच येत नाही. त्याच्यावर वहीची सक्ती केली, तर वही तपासायला येणाऱ्याच्या चहापाण्याची सोय होईल, आरोग्याची नाही. २०१७ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने राज्यांना सुचवले होते की तंबाखू विक्रेत्यांना स्थानिक संस्थेचा परवाना असावा आणि त्या दुकानात मुलांना आकर्षित करणाऱ्या गोळ्या-बिस्किटांची विक्री नसावी. रांची, लखनौसारख्या शहरांनी त्या दिशेने पावले टाकली. परवाना असावा, तो स्वस्त असावा. टपरीवाल्याची जबाबदारी एवढीच की लहान मुलाला विकायचे नाही. ग्राहक अल्पवयीन नव्हता हे सिद्ध करण्याचा भार नियमांनी आधीच त्याच्यावर टाकला आहे.

मोजणी वरच्या पायरीवर व्हावी. तिथे ती आधीच होते आहे. टपरीवर माल द्यायला येणाऱ्या विक्री प्रतिनिधीच्या हातातल्या यंत्रात किंवा मोबाइलमध्ये दुकानाचे नाव, ब्रँड, पाकिटे आणि तारीख भरलेली असते. कोणत्या गावात कोणती सिगारेट वाढते आहे, हे वितरकाला आणि कंपनीला आठवड्यात कळते. कळायलाच हवे, त्यावर त्यांचा धंदा चालतो. पूर्वी कंपन्यांना वार्षिक अहवालात तरी किती नग बनवले, किती विकले हे छापावे लागे. २०११ मध्ये कंपनी कायद्याच्या परिशिष्टातून ती अट सरकारनेच काढून टाकली. तेव्हापासून देशात किती सिगारेटी विकल्या गेल्या, हे जाणून घ्यायला शेअर बाजारातल्या विश्लेषकांचे अंदाज वाचावे लागतात. गुंतवणूकदारासाठी कोणीतरी अंदाज बांधतो, आईबापांसाठी कोणी बांधत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या तंबाखू नियंत्रण करारावर भारताने २००४ मध्ये शिक्कामोर्तब केले. त्याच्या मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट म्हटले आहे की सरकारांनी कंपन्यांकडून उत्पादन, बाजारातील हिस्सा, प्रसिद्धीवरचा खर्च आणि उत्पन्न यांची माहिती ठरावीक काळाने मागावी, आणि खोटी माहिती देणाऱ्याला दंड करावा. चोरट्या व्यापाराविरुद्धच्या जादा करारातही आपण २०१८ मध्ये सामील झालो. युरोपीय संघात मे २०१९ पासून सिगारेटच्या प्रत्येक पाकिटावर ओळखखूण असते आणि ते कारखान्यापासून किरकोळ दुकानाच्या आधीच्या शेवटच्या गोदामापर्यंत कुठे-कुठे गेले ते पाहता येते. दुकानदाराला तिथेही वही ठेवावी लागत नाही.

एक आक्षेप मला मनापासून मान्य आहे. महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ २०१६-१७ च्या सर्वेक्षणात अवघे ३.८ टक्के होते. तंबाखू, मिश्री, खर्रा, गुटखा चघळणारे किंवा तोंडात धरणारे २४.४ टक्के. तोंडाचा कर्करोग आपल्याकडे प्रामुख्याने या दुसऱ्या गटातून येतो. मग केवळ सिगारेट मोजून काय होणार? केवळ सिगारेट मोजू नये, हेच उत्तर. तंबाखूच्या पुडीच्या यंत्रांची नोंद होऊ लागली आहे, तीच माहिती तालुक्यापर्यंत पोहोचवायची आहे. चोरून येणारा गुटखा कोणत्याच विवरणात सापडणार नाही, हेही खरे. पण अधिकृत मालाचा आकडा हाती असला, तर निदान अनधिकृत किती असेल याचा अदमास तरी येतो. सुरुवात सिगारेटपासून करावी, कारण तिथे मोजके उत्पादक आहेत, नग मोजलेले आहेत आणि सबबीला जागा कमी आहे.

२०२० च्या अखेरीस केंद्राने कोटपा दुरुस्तीचा मसुदा लोकांपुढे ठेवला होता. वय २१ करणे, सुटी विक्री बंद करणे, दंड वाढवणे अशा बऱ्याच चांगल्या गोष्टी त्यात होत्या. त्याचा कायदा झाला नाही. तो पुन्हा बाहेर काढला जाईल तेव्हा त्यात एक कलम वाढवावे: सिगारेट उत्पादक आणि घाऊक वितरक यांनी तालुकानिहाय विक्री दर महिन्याच्या दहा तारखेपर्यंत जिल्हा तंबाखू नियंत्रण कक्षाला कळवावी. दुकानाचे नाव नको, गिऱ्हाईकाचे तर नकोच. उशीर झाला तर दिवसागणिक शुल्क. ते मागायला कोणा अधिकाऱ्याने जायची गरज नाही, जीएसटीसारखे संगणकानेच लावावे. सलग तीन महिने आकडा आला नाही किंवा खोटा निघाला, तर त्या तालुक्यातल्या उलाढालीचे दोन टक्के. आणि ही रक्कम सरकारच्या सर्वसाधारण खात्यात न जाता त्याच जिल्ह्यातल्या व्यसनमुक्तीच्या कामाला.

तालुक्याच्या मासिक आरोग्य आढाव्यात आज बाळंतपणे येतात, लसीकरण येते, क्षयरुग्ण येतात, सर्पदंश येतात. तंबाखूपुढे येते ती सार्वजनिक ठिकाणी ओढणाऱ्यांवरच्या कारवाईची संख्या आणि जमा झालेला दंड, प्रत्येकी २०० रुपयांपर्यंत. त्या रकान्याच्या शेजारी मोकळी जागा आहे. तिथे शिरूर तालुक्यातली विक्री हजार नगांत लिहिता येईल, आणि पुढच्या महिन्यात तिच्याखाली दुसरा आकडा.